टिपण: मंडळनिहाय पावसाच्या याद्या ते आरडीएफ, प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

हातात असलेला माल: मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या महसूल मंडळांच्या रोजच्या पावसाच्या याद्या, गाव-तालुका कोडांची यादी आणि पीक नुकसानीचे तक्ते. सगळे सीएसव्ही, सगळे एक्सेलमधून निघालेले. यांचा जोडलेला डेटा, म्हणजे आरडीएफ (प्रत्येक माहिती कर्ता, गुणधर्म, मूल्य अशा त्रिकुटात लिहायची पद्धत), करायचा आहे. कोणता रकाना कशाला जोडायचा हे सांगणाऱ्या फाइलला इथून पुढे जोडनियम म्हणू.

अट एकच. यादी भरणाऱ्या संगणक चालकाला जोडनियम वाचता आला पाहिजे आणि रकान्याचे नाव बदलले तर दुरुस्त करता आला पाहिजे. लिहिणारा कोणीही असो, वाचणारा तोच.

जोडनियम लिहायच्या भाषा आधीच आहेत. आर२आरएमएल ही डब्ल्यू३सीची (वेबची मानके ठरवणारी संस्था) शिफारस २७ सप्टेंबर २०१२ची, पण ती फक्त डेटाबेसच्या टेबलांसाठी. २०१४मध्ये घेंट विद्यापीठातून आलेल्या आरएमएलने तेच शब्द सीएसव्ही, जेसन आणि एक्सएमएलपर्यंत ताणले. दोन्ही टर्टलमध्ये, म्हणजे आरडीएफच्याच मजकुरी रूपात, लिहावे लागतात. एक रकाना एका गुणधर्माला जोडायचा तर प्रेडिकेट-ऑब्जेक्ट मॅप, त्याच्या पोटात ऑब्जेक्ट मॅप, त्याच्या पोटात रेफरन्स, असे तीन थर उघडून बंद करायचे. एक चौकोनी कंस राहिला तर पूर्ण फाइल पडते. यार्रएमएल (तीन 'आर'वाला, २०१८) हेच यॅमलमध्ये (किल्ली, कोलन, मूल्य असे ओळवार लिहायची फाइल-पद्धत) एका ओळीत बसवतो. म्हणून पहिला बेत सोपा: यार्रएमएलचे शब्द मराठीत आणायचे, बाकी काही बदलायचे नाही.

जोडनियम:
  पर्जन्य:
    स्रोत: [पर्जन्य.सीएसव्ही~सीएसव्ही]
    कर्ता: नोंद:$(मंडळ_कोड)
    गुण:
      - [मापन:मिमी, $(पाऊस_मिमी), दशांश]

७ जून

बेत मोडला. आरडीएफपर्यंत गाडी गेलीच नाही, कीबोर्डवरच अडली.

इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर कोलनच्या जागी छ येतो. डॉलरच्या जागी रफार, महिरपी कंसाच्या जागी ढ आणि ञ, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ृ, तिरक्या रेघेच्या जागी य. अंडरस्कोर दाबला की विसर्ग. साध्या आणि शिफ्टच्या थरावर हाताशी उरतात ती चिन्हे मोजकी: आडवी रेघ, साधे कंस, स्वल्पविराम, पूर्णविराम. वरच्या सहा ओळींसाठी भाषा किती वेळा बदलावी लागते ते मोजायला गेलो आणि मोजणे सोडून दिले.

त्याहून वाईट म्हणजे विसर्ग. 'गाव:' आणि 'गावः' पडद्यावर जवळपास सारखे दिसतात. पहिल्यात कोलन, दुसऱ्यात विसर्ग. यॅमलच्या लेखी दुसरी ओळ म्हणजे किल्ली नव्हे, नुसता मजकूर. आणि चूक दाखवतो ती भलत्याच, पुढच्या ओळीवर. विसर्ग आपोआप कोलन करावा, तर 'स्वतः' हे मूल्य मोडते. पीक नुकसानीच्या तक्त्यात 'जमीन कसणारा' या रकान्यात 'स्वतः' आणि 'बटाईने' हीच मूल्ये आहेत, त्यामुळे ही शंका कागदावरची नाही.

यॅमलची आणखी एक खोड नोंदवून ठेवतो. पावसाचे माप सकाळी साडेआठला घेतात. इंग्रजी अंकांत ८:३० लिहिले की यॅमल १.१ पाळणारी पायथनची लायब्ररी त्याला साठाच्या पटीतली संख्या समजते आणि ५१० देते. यॅमल १.२मध्ये हा नियम काढला, पण सगळीकडे १.१चेच वाचक भरलेत.

ठरले: यॅमल बाद. आपली ओळवार लेखनपद्धती करायची, नाव 'टिपण', आणि तिचे भाषांतर आतल्या आत यार्रएमएलमध्ये व तिथून आरएमएलमध्ये. चालवणारे इंजिन बदलायचे नाही.

८ जून

विभाजक कोणता? अर्जात, नोटिशीत माणसे 'विषय :-' किंवा 'नाव -' असेच लिहितात. तेच घेतले. मोकळी जागा, रेघ, मोकळी जागा. ':-', 'ः-', नुसता कोलन, आणि वर्डने आपणहून लांब केलेली रेघ, हे सगळे चालवून घ्यायचे. वर्ड किंवा व्हॉट्सअॅपवरून चिकटवलेल्या ओळीत न तुटणारी मोकळी जागा असू शकते, तीही साधी धरायची.

रकान्याचा उल्लेख साध्या कंसात: (पाऊस मिमी). कंसाच्या आत रकान्याचे नाव यादीत आहे तसेच, मधल्या मोकळ्या जागेसकट. अंडरस्कोर लावून नाव बदलण्याची सक्ती नाही.

११ जून

सूचना आली की रेघाबिघा कशाला, सरळ मराठी वाक्यच लिहू द्यावे: 'मंडळाचा कोड घेऊन तालुक्याशी जोड.' दिवसभर खपून पाहिले. होत नाही, आणि का होत नाही ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी हाच विषय पुन्हा निघणार नाही.

इंग्रजीत शब्दापुढे शब्दयोगी लागला तरी मूळ शब्द जागचा हलत नाही. मराठीत सामान्यरूप होते. तालुका, तालुक्यात. विहीर, विहिरीचा. पाऊस, पावसाचा. रकान्याचे नाव 'पाऊस' आणि वाक्यात 'पावसाचा', मग दोन्ही एकच हे यंत्राने ओळखायचे कसे? शब्दकोश जोडला तर 'कळंब', 'सेलू', 'माहूर' ही विशेषनामे आणि 'निरीक्षण क्र. २' असले रकाने त्यात नसतात. चुकीची जुळणी झाली तर ती गुपचूप होते.

मार्ग: कंसातले नाव अविकारी. विभक्ती लागलीच तर कंसाबाहेर, '(तालुका) वरून'. वाचायला थोडे खडबडीत आहे, पण कंस पाहिला की माणसालाही कळते की हा यादीतला जसाच्या तसा शब्द.

दुसरा प्रश्न क्रमाचा. आरडीएफचे त्रिकूट कर्ता, गुणधर्म, मूल्य या क्रमाने. मराठी वाक्य कर्ता, कर्म, क्रियापद. वाक्यासारखे लिहायला गेले की गुणधर्म शेवटी जातो आणि ओळीचा अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत लांबतो. नमुन्याच्या छापील फॉर्मात मात्र डावीकडे काय भरायचे ते असते, उजवीकडे भरलेले. सातबारा वाचणाऱ्याला याची सवय आहे. म्हणून टिपणाची ओळ वाक्य नाही, फॉर्म आहे.

१४ जून

आजवरची सगळ्यात महत्त्वाची नोंद. दुवा की मजकूर?

आर२आरएमएलमध्ये मूल्य थेट रकान्यातून घेतले तर ते मजकूर ठरते आणि साच्यातून (ठरीव मजकुरात रकान्याचे मूल्य घालून) घडवले तर आयआरआय, म्हणजे दुवा. कोणी न सांगता. यार्रएमएलमध्ये मूल्य मजकूर धरले जाते, दुवा हवा तर पुढे '~आयआरआय' जोडायचे. दोन्हीकडे न लिहिलेला नियम काम करतो, आणि चुकले तर काहीच तुटत नाही. मंडळाचा दुवा मजकूर म्हणून गेला तरी फाइल तयार होते, ओळींची संख्या बरोबर येते, डोळ्यांना पत्ता दिसतो. फक्त तो कशालाच जोडलेला नसतो. प्रश्न विचारल्यावर उत्तर शून्य येते तेव्हा कळते, आणि तोवर तीन जिल्हे चढवून झालेले असतात.

ठरले: टिपणात न सांगता काहीही ठरणार नाही. गुणधर्माच्या प्रत्येक ओळीत विभाजकानंतर पहिला शब्द मूल्याची जात सांगणारा: दुवा, मजकूर, संख्या, दशांश, तारीख. नसेल तर रूपांतर थांबेल. यावर 'टाइप जास्त करावे लागते' असा आक्षेप आहे. लागते. ओळीमागे एक शब्द. वाचणाऱ्याला सोपे आणि लिहिणाऱ्याला थोडके, यात भांडण झाले तर वाचणाऱ्याचे ऐकायचे.

यादी - पर्जन्य
जात - पर्जन्यनोंद
ओळख - (मंडळ कोड) (दिनांक)
मंडळ - दुवा मंडळ (मंडळ कोड)
दिनांक - तारीख (दिनांक) दि-म-व
पाऊस - दशांश (पाऊस मिमी)
   निरंक म्हणजे ०
   रेघ म्हणजे नोंद नाही
शेरा - मजकूर (शेरा) मराठी

१५ जून

वरच्या नमुन्यातल्या आत सरकवलेल्या दोन ओळींबद्दल. पावसाच्या रकान्यात चार गोष्टी येतात: आकडा, 'निरंक', आडवी रेघ आणि काहीच नाही. 'निरंक' म्हणजे पाऊस पडला नाही, म्हणजे शून्य मिमी. रेघ म्हणजे माप घेतलेच नाही. दोन्ही शून्य केले तर बंद पडलेले पर्जन्यमापक कोरडे मंडळ म्हणून दिसते. दोन्ही वगळले तर खरोखर कोरडे दिवस गायब होतात आणि खंड मोजता येत नाही. हा फरक सांगायची जागा जोडनियमातच हवी.

रिकामा रकाना ही आणखी वेगळी भानगड. डेटाबेसमध्ये नल (मूल्यच नसल्याची खूण) असले की त्रिकूट तयार होत नाही, हे आर२आरएमएल स्पष्ट सांगते. सीएसव्हीत नल नसतेच, रिकामी अक्षरमाला असते. काही इंजिने ती वगळतात, काही रिकामा मजकूर लिहितात. म्हणून रिकामे आम्ही इंजिनापर्यंत जाऊच देत नाही, आधीच गाळतो आणि किती गाळले तो आकडा छापतो.

'रेघ' हा शब्द अक्षरी लिहायचा, कारण चिन्ह लिहिले तर विभाजकाशी गल्लत होते.

१९ जून

ओळख, म्हणजे प्रत्येक नोंदीचा आयआरआय.

गावाच्या किंवा तालुक्याच्या नावावरून ओळख बनवायची नाही. कळंब तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे, यवतमाळमध्येही आहे. सेलू परभणीत, वर्ध्यातही. मुरूड लातूर तालुक्यात मोठे गाव, रायगडचा मुरूड तर सगळ्यांना माहीत. नावावरून ओळख केली की दोन जागा एक होतात. आरडीएफमध्ये ही चूक आरडाओरडा करत नाही: एकाच कर्त्याला दोन जिल्हे लागतात, कारण तिथे सगळी त्रिकुटे एकत्र ओतायचाच नियम आहे. वर मुरूड की मुरुड हा ऱ्हस्व-दीर्घाचा वाद वेगळा.

शिवाय जिल्ह्याचे नाव बदलते. २०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. कोड तोच राहतो. २०११च्या जनगणनेत नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. ओळख ५२५वरून, नावे दोन्ही लेबल म्हणून.

कोडांचा एक्सेलमधला शत्रू आघाडीचे शून्य. जनगणनेचा तालुका कोड पाच अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्यांची सुरुवात शून्याने होते. फाइल एकदा एक्सेलमध्ये उघडून जतन केली की शून्य गेले. टिपणात म्हणून 'अंक ५' अशी लांबीची अट लावता येते. कमी भरले तर डावीकडे शून्य भरत नाही, थांबतो. भरले असते तर चुकीचा चार अंकी कोडही बरोबर दिसला असता.

दोन रकान्यांची ओळख नुसती चिकटवायची नाही. '१' आणि '१२' चिकटवले की '११२', '११' आणि '२' चिकटवले तरी '११२'. मधे तिरकी रेघ टिपण स्वतः घालते. रकान्यातच तिरकी रेघ असेल तर, जसे गट क्रमांक ४५/१, ती साच्यात जाताना 'टक्का-२-एफ' (टक्का-चिन्हाने सुरू होणारा संकेत) होते, त्यामुळे गोंधळ होत नाही. (१२/३ हा गट मात्र एक्सेलने आधीच १२ मार्च केलेला असतो. त्याला टिपणाकडे औषध नाही, रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा.)

२० जून

देवनागरी आयआरआय तपासले. आर२आरएमएलच्या नियमाने देवनागरी अक्षरे साच्यात तशीच राहायला हवीत. काही साधने ती टक्क्यात बदलतात. 'मुरूड' ही पाच चिन्हे, यूटीएफ-८मध्ये पंधरा बाइट, टक्क्यात पंचेचाळीस अक्षरे. दोन साधनांनी दोन रूपे दिली तर आरडीएफ त्यांना दोन वेगळ्या वस्तू मानते, कारण तुलना अक्षराला अक्षर. ओळखीत फक्त इंग्रजी अंक, आडवी रेघ आणि मधली तिरकी रेघ, हा नियम पक्का.

२४ जून

'शेतकऱ्याचे नाव' हा रकाना सापडत नाही. यादीत आहे, टिपणात आहे, डोळ्यांना एकसारखा.

नुकसान यादीच्या शीर्षकातला 'ऱ्या' असा टाइप झालेला: ऱ, हलन्त, य. टिपणातला असा: र, हलन्त, मग जोडणारे अदृश्य चिन्ह, य. छापल्यावर दोन्ही चंद्राकार रफाराचेच दिसतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) यातला फक्त एक भाग सुटतो: नुक्ता लावलेला र आणि सुटे ऱ एक होतात, पण अदृश्य जोडचिन्हाचे रूप वेगळेच राहते. इंजिनाने काय केले? काही नाही. रकाना नाही म्हणून ती त्रिकुटे वगळली, शून्य चुकांसह काम पूर्ण.

उपाय: जुळवणीपुरते दोन्ही बाजूंना सामान्यीकरण, वर र-हलन्त-जोडचिन्ह दिसले की ते ऱ-हलन्त मानणे. मूळ यादीला हात लावायचा नाही. मराठीत हा रफार 'शेतकऱ्या', 'कर्मचाऱ्या', 'खोऱ्या', 'अधिकाऱ्या' असा पावलोपावली आहे, त्यामुळे हे नियमित काम समजावे.

त्याच दिवशीचे भावंड: एक्सेलच्या 'सीएसव्ही यूटीएफ-८'ने फाइलच्या तोंडी तीन बाइटचे अदृश्य चिन्ह येते आणि ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. पहिला रकाना ओळखीत असेल तर आख्ख्या यादीतून एकही त्रिकूट निघत नाही. काढून टाकले.

२६ जून

चुका दाखवणारे संदेश लिहून काढले. टिपणाचा खरा अर्धा भाग हाच आहे असे मत बनत चालले आहे. नमुना:

ओळ ४: '(मंडळ कोड)' हा रकाना 'पर्जन्य' यादीत सापडला नाही. जवळचा रकाना: 'मंडळ कोड ', शेवटी मोकळी जागा आहे.

ओळ ६: यादीच्या ४१व्या ओळीत '१२.४ मिमी' आहे. दशांश हवा. 'मिमी' गाळायचे असेल तर खाली 'मिमी गाळा' लिहा.

प्रत्येक संदेशात टिपणाची ओळ आणि यादीची ओळ, दोन्ही. भाषांतराच्या दोन पायऱ्यांत ओळ क्रमांक हरवतात, म्हणून प्रत्येक नियमाला तयार होणाऱ्या आरएमएलमध्ये लेबल म्हणून टिपणाचा ओळ क्रमांक चिकटवला आहे. इंजिनाने तक्रार केली की लेबलावरून मागे येता येते.

१ जुलै

अंक. टिपणात आणि यादीत देवनागरी अंक चालतात, बाहेर जाताना इंग्रजी होतात. एक्सएसडीच्या (आरडीएफमधल्या मूल्यांचे प्रकार ठरवणारे मानक) पूर्णांकात देवनागरी अंक वैध नाहीत. फसवा भाग असा की पायथनमध्ये 'इंट' ला '१२' दिले की तो मुकाट १२ देतो, त्यामुळे पायथनने तपासलेले मूल्य पास होते आणि मूळ अक्षरमाला तशीच आरडीएफमध्ये उतरते. मग बेरीज करायला गेले की ती बरोबर येत नाही. तपासायचे ते रूपांतर केलेले मूल्य, आणि लिहायचेही तेच.

स्वल्पविराम: '१,२५,०००' मधले स्वल्पविराम काढायचे, पण 'दशांश' आणि 'संख्या' या जातींतच.

हेक्टर-आर: क्षेत्राचा रकाना '१.२०' म्हणजे एक हेक्टर वीस आर. १०० आर म्हणजे हेक्टर, त्यामुळे दशांश म्हणून वाचले तरी जमते. पण '१.५' आले तर? १.५०चे शून्य एक्सेलने खाल्ले की कोणी पाच आर लिहिले? ठरवता येत नाही. 'हेआर' ही वेगळी जात केली: टिंबानंतर दोनच अंक, चौरस मीटर असतील तर पुढे आणखी दोन. एकच अंक आला तर ती ओळ बाजूला काढून यादीवाल्याकडे परत.

५ जुलै

जोड. पावसाची नोंद मंडळाला जोडताना आरएमएलचा जॉइन वापरायचा की नाही. वापरला तर दोन्ही याद्यांत कोड जुळला तरच दुवा तयार होतो, न जुळलेला गुपचूप गळतो. टिपणात 'दुवा मंडळ (मंडळ कोड)' म्हटले की मंडळाच्या नियमातली ओळखीची घडण उचलली जाते आणि त्याच साच्यात हा कोड घालतात. जॉइन लागतच नाही, मोठ्या यादीवर वेळही वाचतो. तोटा: मंडळ यादीत नसलेला कोड आला तर दुवा अधांतरी लोंबतो. आम्हाला लोंबता दुवा परवडतो, कारण तो मोजता येतो. गळालेला मोजता येत नाही. रूपांतरानंतर लोंबत्या दुव्यांची यादी आपोआप छापली जाते.

मंडळाची ओळख दोन रकान्यांची असेल तर दुव्यातही दोन कंस लागतात, कमी दिले तर थांबा.

९ जुलै

'पाऊस ६५ मिमीच्या वर असेल तर जात - अतिवृष्टी' अशी अट टिपणात हवी, ही मागणी. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर हा निकष पंचनाम्याशी आणि मदतीशी बांधलेला आहे, म्हणून मागणी समजण्यासारखी आहे. नाकारली. निकष बदलला तर सगळा डेटा पुन्हा घडवावा लागेल. माप डेटात, निकष स्पार्कलच्या (आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा) प्रश्नात. यार्रएमएलमध्ये अटी आणि फंक्शने आहेत, ताकदीची आहेत. पण तिथून पुढे जोडनियम हा प्रोग्राम होतो आणि संगणक चालक वाचेनासा होतो.

तारखेबद्दल एक ओळ कागदपत्रात घातली: नोंदीचा दिनांक म्हणजे त्या सकाळी साडेआठला संपलेले चोवीस तास. ८ तारखेच्या रात्रीचा पाऊस ९ तारखेच्या नोंदीत असतो.

१२ जुलै

निजामकाळातली गावनावे उर्दूत असलेली एक यादी जोडली. 'मजकूर (नाव) उर्दू' लिहिले की भाषेची खूण बरोबर लागते. रकान्याचे शीर्षकही उर्दूत असेल तर उजवीकडून डावीकडे लिपीमुळे संपादकात कंस उलटे आणि जागा बदललेले दिसतात. फाइल बरोबर असते, डोळे फसतात. अशा याद्यांना रकान्याचा क्रमांक द्यायची मुभा ठेवली: (रकाना ३).

१६ जुलै

आरएमएलच्या नव्या मसुद्यात आर२आरएमएलचे शब्द आता आरएमएलच्याच नामावकाशात, म्हणजे त्याच्याच उपसर्गाखाली, आले आहेत. जुना उपसर्ग आणि नवा, दोन्ही एका फाइलीत मिसळले तर नव्या नियमाने चालणारे इंजिन जुने शब्द अनोळखी त्रिकुटे समजून सोडून देऊ शकते. टिपणाच्या भाषांतरकाराला 'जुने' किंवा 'नवे' असा एकच पर्याय, मिश्रण नाही. चालकाला याची गंधवार्ता लागायची गरज नाही.

२२ जुलै

दुरुस्त याद्या. त्याच मंडळाची त्याच दिवसाची नोंद दोन दिवसांनी सुधारून येते: आधी ४.२, मग ४२. ओळख तीच, म्हणून एकाच नोंदीला दोन पाऊस. जुने त्रिकूट आपोआप जात नाही. टिपणाला एक ओळ वाढवली:

गठ्ठा - (जिल्हा कोड) (दिनांक)

याने त्या जिल्ह्याची त्या दिवसाची सगळी त्रिकुटे स्वतःचे नाव असलेल्या एका ग्राफमध्ये, म्हणजे त्रिकुटांच्या गठ्ठ्यात, जातात. सुधारित यादी आली की तो ग्राफ पूर्ण पुसायचा आणि पुन्हा भरायचा. सुधारित यादीत फक्त बदललेल्या ओळी पाठवल्या असतील तर हे धोक्याचे आहे, उरलेली मंडळे पुसली जातात. म्हणून पुसण्याआधी ओळींची संख्या जुन्या ग्राफशी ताडून पाहतो. कमी असेल तर पुसत नाही आणि यादी परत पाठवतो, 'जिल्ह्याची पूर्ण यादी द्यावी' असा शेरा लावून.